अहवालात पाणी शुद्ध होतं

बैठक सुरू व्हायच्या आधीच पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल माझ्यापुढे सरकवला. सगळे नमुने पिण्यास योग्य. "आता पाण्याचा विषय संपला ना, मॅडम?"

अहवाल खोटा नव्हता. पण तो त्या आठवड्यातल्या पाण्याचा होता. माझे रुग्ण त्याच्या कितीतरी आधीचं पाणी पिऊन आजारी पडले होते.

शहरात काविळीची साथ होती आणि रक्ततपासणीत हिपॅटायटिस ई निघाला होता. हा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत २ ते १० आठवडे जातात, सरासरी ५ ते ६. डोळे पिवळे झालेला माणूस दवाखान्यात येतो, तोवर ते दूषित पाणी कधीच वाहून गेलेलं असतं. संसर्गजन्य रोगांच्या संशोधनात माझी इतकी वर्षं गेली, पण बाटलीत भरून पाठवता येईल असा पुरावा क्वचितच हाती लागला. उरतात त्या तारखा आणि लोकांच्या आठवणी. त्यातल्या आठवणींवर फार विसंबता येत नाही.

आमची पथकं सकाळपासून घरोघर फिरत होती. रुग्ण भरभरून बोलतात. पंचाईत होते ती कावीळ न झालेल्यांकडे. "आम्ही ठणठणीत आहोत, आमची कसली चौकशी?" म्हणत एका आजोबांनी आम्हाला दारातूनच परत पाठवलं. पण निरोगी शेजारीही तेच पाणी पीत असेल, तर नुसत्या रुग्णाच्या उत्तरावरून काय ठरवणार? शिवाय आजारी माणूस स्वतःच कारण शोधत असतो. "पाणी गढूळ येत होतं का?" असं विचारलं की तो हो म्हणणारच. म्हणून प्रश्नावलीत 'गढूळ' हा शब्दच ठेवला नव्हता. नळ कुठल्या लाइनवरचा, बोअरवेल आहे का, पाणी उकळता का, एवढंच.

दुपारी लाइन लिस्टमधली, म्हणजे रुग्णांच्या यादीतली, घरं नकाशावर मांडली. एका गल्लीत उजवी बाजू जवळजवळ कोरी, डावीकडे ठिपक्यांची गर्दी. डावीकडची घरं जुन्या जलवाहिनीवर होती. एकोणिसाव्या शतकात लंडनमधल्या कॉलऱ्याचा माग पाण्यापर्यंत नेणारा डॉक्टर जॉन स्नो म्हटलं की सगळ्यांना तिथल्या ब्रॉड स्ट्रीटचा हातपंप आठवतो. मला त्याने त्याच सुमारास केलेली दुसरी तुलना जास्त मोलाची वाटते. लंडनमध्ये एकाच रस्त्यावरची घरं दोन वेगळ्या कंपन्यांचं पाणी घेत होती, आणि त्याने कॉलऱ्याचे मृत्यू त्या हिशेबाने मोजले.

मग आजार सुरू झाल्याच्या तारखांचा आलेख काढला आणि शिखरापासून ५-६ आठवडे मागे मोजले. तो आठवडा सांगून मी दुरुस्तीची नोंदवही मागितली. अभियंत्यांनी ती उघडली, पान वाचलं आणि वही माझ्याकडे फिरवली. गटाराला लागून जाणारी जुनी लाइन त्याच दिवसांत फुटली होती. पुरवठा बंद करून जोड बदलला होता. पाणी बंद असताना पाइपातला दाब जातो आणि फटीतून बाहेरची घाण आत खेचली जाते.

"पण क्लोरीन तर होता," ते म्हणाले. मी त्यांना दिल्लीचं उदाहरण दिलं. १९५५च्या अखेरीस तिथे यमुनेतून पाणी उचलतात त्या जागी सांडपाणी शिरलं. क्लोरीन वाढवला गेला. टायफॉइड, हगवण वाढली नाही, काविळीचे मात्र सुमारे २९,००० रुग्ण झाले. तो हिपॅटायटिस ई होता, हे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून कित्येक वर्षांनी कळलं.

मला घाई होती ती गरोदर बायकांची. शेवटच्या तिमाहीत हा आजार झाला तर २० ते २५ टक्के बायका दगावू शकतात. सगळी आकडेमोड चोख होईपर्यंत थांबणं शोधनिबंधाला परवडतं, त्यांना नाही. त्याच संध्याकाळी जुनी लाइन बंद करून टँकर लावायचे, पाणी उकळून प्यायचा निरोप घरोघर द्यायचा आणि जुन्या लाइनवरच्या गरोदर बायकांची यादी करून रोज विचारपूस करायची, असं ठरलं.

उठण्यापूर्वी मी कागदावर एक ओळ लिहून त्यावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या: लाइन बंद केल्यावरही काही आठवडे नवे रुग्ण येत राहतील, कारण त्यांना लागण आधीच झालेली आहे. ही माझी जुनी सवय. असं लेखी नसलं तर पहिल्याच आठवड्यात उपाय फसला म्हणून ओरड होते आणि बंद लाइन पुन्हा चालू केली जाते.

पुढच्या आठवड्यात अभियंत्यांचा फोन आला. "मॅडम, लोक विचारतायत, आकडा अजून वाढतोय."

"तो कागद दाखवा त्यांना," मी म्हटलं. "आणि आज कुठल्या गल्लीतून आले ते सांगा."

सगळे डाव्या बाजूचे होते.