बाईंची बाभूळ

स्मरणिकेसाठी लिहा असा मेसेज आला आणि डोळ्यासमोर आल्या त्या जीवशास्त्राच्या बाई, खरं सांगायचं तर त्यांच्याशिवाय दुसरं काही आठवेचना. लॅबमधलं खिडकीजवळचं लांब टेबल सगळ्यांना माहितीच आहे, तिथे एकदा बाईंनी दोन फांद्या ठेवल्या, एक बाभळीची, एक खैराची, आणि मी दोन्हींना बाभूळ म्हणून मोकळा झालो. बाई रागावल्या नाहीत. फांदी हातात देऊन एवढंच म्हणाल्या, "काटा कुठून आलाय ते बघ आधी."

बघितलं. बाभळीचे काटे सरळ, जोडीजोडीने, पानाच्या देठाच्या बुडाशी, उपपर्णं, म्हणजे देठाशेजारची चिमुकल्या पानांची जोडी, असतात नेमके तिथेच, म्हणजे उपपर्णांचेच काटे झालेले! खैराचे आखूड, आकड्यासारखे वाकडे, वरवर सालीतून निघालेले. फुलंही बाभळीची पिवळे गोल गेंद आणि खैराची लांबट तुरे. तरी तेव्हा पुस्तकात दोघांचं जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, एकच, अकेशिया.

पुढे मी याच विषयात शिरलो, आता हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पती कागदाच्या शीटवर चिकटवून जपतात तिथे, काम करतो, आणि बाईंनी दाखवलेला तो फरक किती मोठा होता ते तिथे कळलं. फिलिप मिलर या इंग्रज वनस्पतीतज्ज्ञाने १७५४ मध्ये अकेशिया हे जीनस केलं, नावाचं मूळ ग्रीक, अर्थ टोकाशी, काट्याशी जोडलेला. नंतर लक्षात आलं की हा एकाच पूर्वजाचा गट नाहीच, अनेक वेगळे गट एकत्र बांधलेत. मग नाव कोणाकडे ठेवायचं? २००५ ला व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतीशास्त्र काँग्रेसमध्ये ते ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे गेलं, २०११ ला मेलबर्नमध्ये त्यावर शिक्कामोर्तब झालं. तिकडच्या जाती हजाराच्या आसपास, एवढ्यांची नावं बदलणं नको हा विचार मला पटतो, पण त्यातल्या बहुतेकांना काटेच नाहीत आणि काटेरी बाभळीचंच नाव गेलं याचं अजून वाईट वाटतं. आता बाभूळ वाचेलिया निलोटिका, खैर सेनेगालिया कटेचू.

हे बाईंना सांगायचं राहून गेलं. ते टेबलही आता नाही म्हणे, फांद्या स्क्रीनवर दाखवतात, तिथे काट्याचं बूड कसं दिसणार.

आमच्याकडे नाव बदललं तरी शीटवरची जुनी चिठ्ठी काढत नाहीत, नवी शेजारी चिकटवतात. बाभळीच्या शीटवर मीच वाचेलिया लिहिलं, बाजूला कोणाच्या तरी तिरक्या अक्षरातलं अकेशिया तसंच आहे, आणि लिहिण्याआधी भिंग घेऊन काटा कुठून आलाय ते बघितलं.