दोन दिवस की वीस?

पॅथॉलॉजी लॅबच्या सॉफ्टवेअरसाठी क्लायंटकडून आलेल्या रिक्वायरमेंटच्या यादीत एक साधी ओळ होती : "रिपोर्ट तयार झाल्यावर रुग्णाच्या मोबाइलवर लिंक जावी." यादीतल्या इतर ओळींपुढे ही अगदीच किरकोळ वाटत होती. कोणत्या कामाला किती दिवस लागतील हे ठरवायच्या त्या दिवशीच्या एस्टिमेशन मीटिंगमध्ये ती दोन मिनिटांत उरकेल, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

आमच्याकडे प्रत्येकाने आपला आकडा चिठ्ठीवर लिहायचा आणि सगळ्या चिठ्ठ्या एकदम उघडायच्या, असा शिरस्ता आहे. कुणी आधी आकडा बोललं की बाकीचे त्याच्या आसपासच घुटमळतात, आणि बोलणारा सीनिअर असला तर विचारायलाच नको. यात आमचं नवीन काही नाही. रँड कॉर्पोरेशनने १९५०च्या दशकात बसवलेल्या डेल्फी पद्धतीतही तज्ज्ञ एकमेकांच्या दबावाखाली न येता आपापलं मत देतात.

चिठ्ठ्या उघडल्या. डेव्हलपरचे दोन दिवस, टेस्टरचे वीस. हसू पिकलं. कुणीतरी म्हणालं, "सरासरी काढा, अकरा धरा." अशी सरासरी म्हणजे दोन वेगळ्या कामांची बेरीज करून तिला दोनने भागणं. सर्वांत छोटा आणि सर्वांत मोठा आकडा देणाऱ्याने आधी बोलायचं, हा नियम मी अशा वेळी मोडू देत नाही.

डेव्हलपरचं सोपं होतं : मेसेज पाठवणारी सेवा तयार आहे, ती जोडायची, झालं. टेस्टर बाईंनी मात्र कॉलवर असलेल्या लॅबच्या सुपरवायझर मॅडमना थेट विचारलं, "एकाच रुग्णाचं सीबीसी आणि ब्लड कल्चर दोन्ही असेल तर?"

"सीबीसी त्याच दिवशी होतं. कल्चरची बाटली मशीनमध्ये पाच दिवससुद्धा राहते."

"मग लिंक कधी पाठवायची?"

"जेवढं झालं तेवढं द्यावंच लागतं हो. डॉक्टर कुठे थांबतात?"

(सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, कल्चर म्हणजे रक्तात जंतू वाढतात का हे पाहणं.) म्हणजे आधी अर्धवट रिपोर्ट, मग अंतिम रिपोर्ट. पुढचा प्रश्न : सही झाल्यावर चूक सापडली तर? मॅडम म्हणाल्या, सुधारित रिपोर्ट निघतो, जुना रेकॉर्डला ठेवावाच लागतो, पण रुग्णाला तो दिसता कामा नये. आधी गेलेल्या लिंकवरही नवाच उघडायला हवा आणि तो सुधारित असल्याचं त्यावर लिहिलेलं हवं. रक्तातलं पोटॅशियम ६.८, म्हणजे धोक्याइतकं जास्त आलं तर? "आधी डॉक्टरांना फोन. पेशंटला मेसेज नंतर." हा फोन झाल्याची नोंद आमच्या सिस्टिममध्ये कुठेच नव्हती, म्हणजे मेसेज कशावर अडवायचा हाही प्रश्नच. डेव्हलपर एव्हाना मान खाली घालून भराभर लिहीत होता.

मग टेस्टर बाईंनी विचारलं, "बऱ्याच वयस्कर रुग्णांचा नंबर मुलाचा असतो. एखादी टेस्ट घरच्यांना कळू द्यायची नसेल तर?"

"छे, एचआयव्हीचा रिपोर्ट आम्ही मेसेजने पाठवतच नाही. समोर बसवून सांगतो."

कॉलवर कुणीच बोलेना. यादीत याचा उल्लेख नव्हता. यादीत लिहिली होती तशीच ती ओळ आम्ही बांधली असती तर पहिल्याच आठवड्यात एखादा रिपोर्ट भलत्याच माणसाच्या फोनवर गेला असता, आणि टेस्टिंगमध्येही तो 'पास' झाला असता. मॅडमना दोष देण्यात अर्थ नाही. रोजच्या कामात जे हाडीमाशी भिनलेलं असतं, ते लिहायचं सुचत नाही. म्हणून काम करणारा माणूस समोर असल्याशिवाय एस्टिमेट करूच नये, असं माझं ठाम मत आहे. फक्त मॅनेजरबरोबर बसून काढलेले आकडे मला कधी पटलेले नाहीत.

दुसऱ्या फेरीत एकच आकडा न घेता तीन घेतले : सगळं सुरळीत गेलं तर पाच दिवस, बहुधा नऊ, फारच अडलं तर पंचवीस. १९५८मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी पर्ट नावाचं तंत्र निघालं, त्याचं गणित लावायचं : मधल्या आकड्याची चौपट, त्यात दोन्ही टोकं मिळवायची आणि सहाने भागायचं. उत्तर अकरा. नऊ नाही. काम लवकर संपायला तळ असतो, लांबायला नसतो, म्हणून सगळ्या कामांचे 'बहुधा'चे आकडेच बेरजेला घेतले की प्लॅन हमखास तोकडा पडतो. (आधीच्या सरासरीनेही अकराच आले होते, हे खरं. पण तेव्हा त्यामागे काही नव्हतं.)

दुपारी सेल्सचे प्रमुख आले. त्यांनी क्लायंटला सगळ्या यादीसाठी सहा आठवडे सांगून टाकले होते. "तीन माणसं वाढवा," ते म्हणाले. मी बोर्डावर ठिपके काढले. पाच जणांत बोलण्याच्या जोड्या दहा, आठ जणांत अठ्ठावीस. शिवाय एकामागून एकच होऊ शकणाऱ्या कामांची सर्वांत लांब साखळी कोडिंगची नव्हतीच. कोणता रिपोर्ट कधी अडवायचा याची पॅथॉलॉजिस्टची लेखी मंजुरी, त्यावरून डिझाइन, मग लॅबमध्ये जुन्या पद्धतीबरोबर समांतर चाचणी. यातला एकही टप्पा माणसं वाढवून आखूड होणार नव्हता.

मग स्कोपला, म्हणजे पहिल्या रिलीजमध्ये काय काय द्यायचं याला, कात्री लावायला घेतली. अर्धवट रिपोर्ट दुसऱ्या रिलीजमध्ये ढकलले, तोवर ते काउंटरवरून मिळत होतेच. मेसेज न पाठवायच्या टेस्टची यादी लॅब स्वतः बदलू शकेल, अशी सोय पहिल्यात ठेवली. सुधारित रिपोर्टवर मात्र खटका उडाला. ते म्हणाले, "क्वचित होतं, नंतर करू." रुग्णाच्या फोनवर चुकीचा रिपोर्ट राहू देणं याला मी स्कोप कमी करणं म्हणत नाही, तसं त्यांना तोंडावर सांगितलं. सुधारित रिपोर्टचं काम पहिल्या रिलीजमध्येच राहिलं.

"आता एक तारीख द्या."

"आठ ते अकरा आठवडे. पॅथॉलॉजिस्टची मंजुरी आली की हा पट्टा अरुंद करून देतो."

"क्लायंटला पट्टा कसा सांगू?"

"एकच सांगायची तर अकरा सांगा."

त्यांनी बरीच कुरकुर करून अकरा लिहून घेतलं. पुढे मंजुरीच रेंगाळली. पॅथॉलॉजिस्टना काही टेस्टच्या धोक्याच्या मर्यादा डॉक्टरांशी बोलून ठरवायच्या होत्या. तोवर टीमने बिलिंगचं काम पुढे ओढून घेतलं. पट्ट्याच्या उत्तरार्धात रिलीज झालं, आणि अर्धवट रिपोर्टची मागणी घेऊन मॅडम पुढच्या मीटिंगला हजर होत्या.