शून्यही लिहायचं

१९ जुलै, रात्री

आज सोसायटीच्या मीटिंगमध्ये गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचा विषय निघाला. दर उन्हाळ्यात टँकरवर एवढा खर्च होतो, तर गच्चीचं पाणी बोअरला का सोडू नये, असा मुद्दा होता. कुणी म्हणालं, पुण्यात पाऊस पडतोच किती! कुणी म्हणालं, हे सगळं कागदावर छान दिसतं. माझ्या तोंडून आपसूक हिशेब निघाला. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. आपली गच्ची साधारण ४०० चौरस मीटरची, पुण्यात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे झाले २,८०,००० लिटर. खजिनदारांनी १०,००० लिटरच्या टँकरने भागून पाहिलं आणि म्हणाले, "अहो, २८ टँकर!" सगळं पाणी हाती लागत नाही, पहिल्या पावसाचं सोडून द्यावं लागतं, थोडं उडून जातं, हेही मी सांगितलं. तरी विषय पुढे सरकला. पुढच्या आठवड्यात प्लंबर येऊन पाइप बघून जाणार आहे.

एका शेजारणीने विचारलं, तुम्ही इंजिनीअर का? नाही, मी बँकेत होते. हा हिशेब मला आठवीत असताना वाईला भूगोलाच्या बाईंनी शिकवला. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. आमच्यासाठी त्या नुसत्या 'बाई'च होत्या. शाळेत बाकीच्या बाईही होत्या, पण त्यांच्या नावापुढे बाई लागायचं.

बाईंनी शाळेच्या मैदानात पर्जन्यमापक बसवला होता. विकतचा नव्हे. बाजारातल्या डबे-पिंपं करणाऱ्या माणसाकडून पत्र्याचं नळकांडं आणि नरसाळं करून घेतलं होतं, आत काचेची बाटली. नरसाळ्याचं तोंड मात्र अगदी १२७ मिलिमीटर व्यासाचं, कारण हवामान खात्याच्या सायमन पर्जन्यमापकाचं तेवढं असतं. ते बसवलं होतं इमारतीपासून लांब, उघड्यावर. जवळ भिंत किंवा झाड असलं तर त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर हवं, नाहीतर आडोशाने पाऊस कमी भरतो. हे अंतर बाईंनी आमच्याकडून टेपने मोजून घेतलं होतं.

मग आला गणिताचा भाग. बाटलीतलं पाणी प्रयोगशाळेतल्या मोजपात्रात ओतलं की मिलिलिटर कळतात, पण पाऊस तर मिलिमीटरमध्ये सांगतात. मग काय करायचं? बाईंनी भूगोलाच्या तासाला फळ्यावर वर्तुळाच्या क्षेत्रफळाचं सूत्र लिहिलं. आम्ही चकित. हे तर गणिताच्या सरांचं! त्यांनी आमच्याकडूनच सोडवून घेतलं : साधारण १२.७ मिलिलिटर पाणी जमलं म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. पाय-आर-स्क्वेअर कशासाठी शिकायचं, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तरी वर्गाला एक गोष्ट पटत नव्हती. मोठ्या भांड्यात जास्त पाऊस पडणार, लहान भांड्यात कमी, मग पाऊस नक्की किती म्हणायचा? बाईंनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पाऊस धरला तसं त्यांनी मैदानात तीन वस्तू मांडायला लावल्या. तोंड कापलेला गोडेतेलाचा पंधरा किलोचा डबा, तसाच तोंड कापलेला पावडरचा डबा आणि बांधकामावरचं घमेलं. मधल्या सुट्टीनंतर आम्ही फूटपट्टी घेऊन धावलो. तेलाच्या डब्यात आणि पावडरच्या डब्यात पाण्याची उंची सारखी! एवढा मोठा डबा आणि एवढासा डबा, पण पट्टीवरची खूण एकच. आणि घमेल्यात मात्र जास्त. आम्ही पुन्हा मोजलं, तरीही घमेल्यात जास्तच.

"बाई, असं का?"

"मला काय विचारता? घमेल्याला विचारा. उद्या सांगा."

उत्तर आणलं एका गवंड्याच्या मुलीने. ती वर्गात क्वचितच बोलायची. उभी राहून म्हणाली, "बाई, घमेल्याचं त्वांड मोठं हाय आन बूड ल्हान हाय. गोळा करतंय मोठ्या तोंडानं आन साठवतंय ल्हान बुडात. म्हणून पाणी वर चढतंय." बाईंनी खडू तिच्या हातात दिला आणि स्वतः जाऊन तिच्या बाकावर बसल्या. तिने फळ्यावर घमेलं काढून दाखवलं. तो अख्खा तास तिचाच होता. पुढे वर्षभर ती वर्गात बोलत राहिली.

पर्जन्यमापकाची नोंद रोज सकाळी साडेआठला. हवामान खात्याचा दिवस साडेआठला बदलतो, म्हणून आमचाही. शाळा अकराची, पण ज्याची पाळी असेल त्याने साडेआठला हजर राहायचं. रविवारी आणि सणासुदीला शाळेजवळ राहणारी मुलं जायची. नोंदवही प्लास्टिकच्या पिशवीत असायची. रकाने चार : तारीख, मिलिमीटर, सही, शेरा.

ऑगस्टमध्ये एकदा बरेच दिवस उघडीप होती. ज्याची पाळी होती त्याने ओळी मोकळ्या सोडल्या, पाऊसच नाही तर लिहायचं काय? बाई रागावल्या नाहीत. वही वर्गात आणली, ते पान सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाल्या, "शून्यही लिहायचं. रिकामी जागा म्हणजे इथे कुणी आलंच नाही. शून्य म्हणजे कुणीतरी आलं, झाकण काढलं, आत बघितलं आणि पाणी नव्हतं. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे." नुसती जमीन ओली झाली आणि मोजण्याएवढं पाणी जमलं नाही, तर 'शिंतोडे' लिहायचं. २.५ मिलिमीटरच्या खाली असेल तर तो पावसाचा दिवस धरायचा नाही, पण आकडा लिहायचाच.

बँकेत असताना कितीतरी रजिस्टरं माझ्या हाताखालून गेली. रिकामा रकाना दिसला की माझं बोट तिथे थांबायचं. यात काही नव्हतं म्हणून रिकामं, की कुणी बघितलंच नाही म्हणून? नव्या मुलांना मी हेच विचारायचे. बाईंचं नाव न सांगता बाईंचंच शिकवत होते.

वाईत भूगोल शिकवायला पुस्तकाची तशी गरज नाही. गणपती घाटावर उभं राहिलं की समोर कृष्णा, मागे ढोल्या गणपती आणि पश्चिमेला डोंगर. पावसाळ्यात कित्येकदा वाईत लख्ख ऊन असायचं आणि घाटाच्या पायऱ्या मात्र पाण्याखाली. पाऊस झालेला असायचा वर महाबळेश्वराकडे, आणि धोम धरणातून पाणी सोडलेलं असायचं. अशा दिवशी बाई आम्हाला घाटावर नेऊन उभं करायच्या. "हे पाणी कुठलं? कधी पडलेलं? किती पायऱ्या बुडाल्या, मोजा." घरचे लोक नदीपासून लांब राहा म्हणायचे. बाईही कठड्याच्या पुढे जाऊ द्यायच्या नाहीत, पण बघायला न्यायच्याच.

जुलैमध्ये एकदा एसटीने महाबळेश्वरला नेलं. प्रत्येकाच्या हातात वही, आणि काम एकच : पसरणीच्या घाटात कुठल्या वळणापासून रस्ता ओला व्हायला लागतो, ते लिहायचं. इतक्या वेळा त्या घाटातून गेलो होतो, पण रस्ता कोरड्याचा ओला कुठे होतो ते कुणीच पाहिलेलं नव्हतं. एका वळणावर धुळीचा रंग बदलला, पुढच्या वळणावर झाडांच्या खोडांना शेवाळं आलं, पाचगणीला खिडक्या बंद कराव्या लागल्या आणि महाबळेश्वरला छत्रीचा काही उपयोग उरला नाही. बाई एसटीच्या दांड्याला धरून उभ्या होत्या आणि सांगत होत्या. कोकणातून येणारे ढग सह्याद्रीला धडकून वर चढतात, वर हवा थंड होते आणि पाणी इथेच ओतून टाकतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. मग उरलेली हवा पूर्वेकडे खाली उतरते, उतरताना तापते, आणि पाऊस कमी कमी होत जातो. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात ओलेत्यानेच उभ्या राहून त्यांनी विचारलं, "इथून अरबी समुद्र ६५ किलोमीटरही नाही. सावित्री तिकडे गेली. मग कृष्णा १,४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला का गेली?" दर्शनाला आलेली माणसंही ऐकत थांबली होती.

पण पर्जन्यछाया म्हणजे काय, ते कळलं त्याच्यानंतर, वर्गात. आमच्यात एक मुलगा होता माण तालुक्यातला, मामाकडे राहून शिकणारा. महाबळेश्वर आणि माण एकाच सातारा जिल्ह्यात, पण माणमध्ये वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, तोही पडला तर. त्याच्याकडची माणसं मेंढरं घेऊन वर्षाचे कित्येक महिने बाहेर असायची. मुलं त्याला त्याच्या बोलण्यावरून चिडवायची, म्हणून तो गप्पच असे. बाईंनी धडा उघडला नाही. त्याला म्हणाल्या, "बाळ, तुमच्याकडचा पाऊस सांग."

तो बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "आमच्याकडं ढग येत्यात बाई, पर थांबत न्हाईत. म्हातारी म्हणती, वर महाबळेसराला सांडून रिकामं हून येत्यात."

"सगळ्यांनी हे लिहून घ्या," बाई म्हणाल्या. "शब्दही बदलू नका."

मग त्याने सांगितलं. विहिरीचा तळ कसा दिसतो, जनावरांच्या छावणीत रात्र कशी जाते, चारा मोजून कसा देतात, आई हंडा घेऊन कुठवर जाते. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. चिडवणं त्या दिवसापासून बंद झालं. बाईंनी त्यावर कुणालाही एक शब्द सुनावला नव्हता. वार्षिक परीक्षेत पर्जन्यछायेचा प्रश्न आला तेव्हा आमच्यातल्या कित्येकांनी 'ढग रिकामे होऊन येतात' असंच लिहिलं आणि बाईंनी पूर्ण गुण दिले.

मे महिन्यातही त्या बोलवायच्या, शून्य सावलीच्या दिवशी. वाईला तो दुसऱ्या आठवड्यात येतो. सूर्य डोक्यावर यायची वेळ बाराची नव्हे, साडेबाराच्या जरा पुढची. कारण घड्याळ आपण देशभर ८२.५ अंश रेखावृत्ताचं लावतो आणि वाई त्याच्या बरीच पश्चिमेला, तिथे सूर्य डोक्यावर यायला दर अंशाला चार मिनिटं उशीर. सरळ उभ्या ठेवलेल्या डब्याची सावली त्याच्याच बुडाखाली शिरायची. हा दिवस वर्षातून दोनदा येतो, पण दुसरा येतो तो ऐन पावसाळ्यात, ढगांच्या आड. तोही वहीत असायचा, 'सूर्य दिसला नाही' अशा शेऱ्यासह.

वाईत मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोश्यांच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, आणि गावाला त्याचा केवढा अभिमान! बाई आम्हाला तिथेही घेऊन गेल्या होत्या. जाड खंड उघडून दाखवले आणि म्हणाल्या, "यातला प्रत्येक आकडा कधीतरी कुणीतरी उठून, जाऊन, बघून लिहिलेला आहे." आमची ती पिशवीतली वही मला त्या खंडांच्या नात्यातली वाटली होती. अजूनही वाटते.

मघाशी बाईंना फोन केला. वय ऐंशीच्या घरात, आवाज अजून वर्गातलाच. मीटिंगची हकीगत सांगितली. कौतुक वगैरे काही नाही. पहिला प्रश्न, "गच्चीला उतार कुठल्या बाजूला आहे?" दुसरा, "सातशे हा आकडा कुठून घेतलास? स्वतः मोजतेस का?" मोजत नाही म्हटल्यावर थोडा वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "नरसाळं पाठवून देऊ का?"

मग नोंदवह्यांचं निघालं. बाई निवृत्त झाल्यावर नोंदी थांबल्या. जुन्या वह्या रद्दीत निघाल्या होत्या, त्या बाईंनी रिक्षात घालून घरी आणल्या. सगळ्या माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत, म्हणाल्या. एवढ्या वर्षांचा पाऊस, रोजच्या सहीनिशी, आठवी-नववीच्या मुलांच्या अक्षरात. मी म्हटलं, बाई, मला ते सगळं कॉम्प्युटरवर उतरवू द्या. हवामानाचा अभ्यास करणाऱ्या कुणाला तरी त्याचा उपयोग होईल. नाही झाला तरी ते उंदरांच्या तोंडी जाता कामा नये.

त्या लगेच हो म्हणाल्या, पण अट घातली. नुसते आकडे उतरवायचे नाहीत, शेऱ्याचा रकानाही जसाच्या तसा घ्यायचा, शुद्धलेखन न सुधारता. मला त्यातले काही शेरे आठवतात. 'धुकं, पाचगणी दिसत नाही.' 'नरसाळ्यात बेडूक होता, सोडून दिला.' 'रात्री धक्का बसला.' तो कोयनेकडचा असायचा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप बाईंनी स्वतः कऱ्हाडला अनुभवलेला, म्हणून धक्क्याची नोंद त्या वेळेसकट करायला लावायच्या.

रविवारी वाईला जाते आहे. लॅपटॉप, जास्तीचा चष्मा आणि धुळीसाठी मास्क बरोबर घेते. माणच्या त्या मित्राचा नंबर एका वर्गमैत्रिणीकडे आहे म्हणे, त्यालाही विचारणार आहे. आकडे एकाने वाचायचे, दुसऱ्याने भरायचे, म्हणजे काम लवकर होईल.