भर दुपारी

रामशास्त्री प्रभुणे यांच्या चरित्रातलं एक प्रकरण मी तीनदा लिहून फाडलं होतं. नारायणराव पेशव्यांचा खून. तो नीट उतरल्याशिवाय रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारे शास्त्रीबुवा उभेच राहत नाहीत. माझा प्रसंग रात्रीचा होता: मशाली, काळोख, ‘काका, मला वाचवा’. पुण्यात लहानपणापासून ऐकलेलं तसंच.

त्या सकाळी जुनी टिपणं चाळत होतो. कटाची कुणकुण लागल्यावर नारायणरावांनी बंदोबस्त हरिपंत फडक्यांवर सोपवला आणि हरिपंत एका स्नेह्याकडे जेवायला गेले. ‘जेवायला’वर बोट थबकलं. हे वाक्य मी कितीदा वाचलं असेल! गारदी घुसले तेव्हा नारायणरावही जेवून आडवे झाले होते. म्हणजे भर दुपार. ३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. पौर्णिमा दोन दिवसांवर आलेली. माझा काळोख तिथीतही बसत नव्हता.

तसाच उठलो आणि एकच्या सुमारास शनिवारवाड्यात जाऊन उभा राहिलो. १८२८च्या आगीनंतर आत उरलीत ती जोती. ऊन नुसतं पांढरं. आणि तिथे उमगलं, की रात्री हा प्रसंग घडूच शकला नसता. गारदी थकलेल्या पगाराची ओरड करत शिरले होते. पगार मागायला शिपाई दिवसाच येतात, त्यात वावगं कुणाला वाटणार? शिवाय दिवसाउजेडी घडलेल्या गोष्टीला साक्षीदार असतात. शास्त्रीबुवांच्या चौकशीला पाय फुटले ते इथे.

घरी येऊन आणखी एक गोष्ट खोडली, आणि ती खोडताना फार जड गेलं. चापाजी टिळेकर हा नारायणरावांचा सेवक. त्याने धन्याला मिठी मारली आणि तोही तिथेच कापला गेला. त्याला मी एक लहान मुलगी दिली होती, निघताना तिच्याशी दोन वाक्यं बोलायला लावलं होतं. छान उतरली होती ती वाक्यं. पण ती माझी होती, चापाजीची नव्हे. आता त्याच्या वाट्याला फक्त ती मिठी आहे. अठरा वर्षांच्या पोराभोवती पडलेले दोन हात. त्यापुढे पूर्णविराम.

प्रकरण आता हरिपंत जेवायला निघतात तिथून सुरू होतं.