तीन टिंबं

दुपारी जेवण आटोपल्यावर चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीच्या तयारीची, फाइल उघडली. माटोळी (गणपतीच्या वर फळं-फुलं टांगायची चौकट), पत्री, फराळ, रंगकाम, भटजी, पाहुणे, घर. एकाखाली एक नुसते मथळे, आणि प्रत्येकापुढे तीन टिंबं. बाहेर पाऊस धो-धो, वीज येऊन-जाऊन, आणि मी काही न लिहिता त्या टिंबांकडे बघत बसलो.

ऑर्ग-मोड, म्हणजे ईमॅक्स या मजकूर-संपादकातली नोंदी ठेवायची सोय, वापरणाऱ्यांना ही टिंबं ठाऊक आहेत. मथळ्यावर टॅब दाबला की पोटमथळे दिसतात, पुन्हा दाबला की सगळं अंतरंग, तिसऱ्यांदा दाबला की मिटलं. शिफ्ट धरून टॅब दाबला की हाच खेळ अख्ख्या फाइलीवर. कार्स्टन डॉमिनिक नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने २००३ मध्ये हे स्वतःच्या नोंदींसाठी ईमॅक्समध्ये करून घेतलं. आकाश बघणाऱ्या माणसाला पसारा आवरता ठेवायची गरज वाटावी, यात मला नवल वाटत नाही.

मला हे शिकवलं धाकट्या चुलत बहिणीने. ती बेंगळुरूला असते आणि तिची फाइल कायम सताड उघडी. माझी बघून ती वैतागते. "दादा, एवढं झाकून काय ठेवतोस? विसरशील ना!" उलट आहे गं. उघडं असलं की मी विसरतो. पन्नास ओळी एकदम अंगावर आल्या की त्यातली एकही वाचावीशी वाटत नाही. म्हणून फाइलीच्या डोक्यावर मी ओव्हरव्ह्यूची ओळ घालून ठेवली आहे. उघडताना सगळं मिटलेलंच उघडतं. फक्त माटोळीला वेगळी सवलत. तिच्या गुणधर्मांत व्हिजिबिलिटीपुढे 'चिल्ड्रन' लिहिलं की तेवढीच फांदी अर्धी उघडी राहील. लिहायचं आहे, अजून लिहिलेलं नाही. आज तीही मिटलेलीच होती.

माटोळीची फांदी उघडून बसण्यात सुख आहे. नारळाची पेण, सुपारीचं शिपटं, केळ्यांचा घड, तवसं, तोरंजन, आंबाडे, फागलां. त्याखाली रानातली मंडळी: कांगलां, कवंडळं, घागऱ्या. यातलं कोण कुठल्या दोरीला, ते काकांना तोंडपाठ होतं. आम्ही बाजारातून आणतो आणि मिळेल तिथे बांधतो. कांगलांचे ते झुपके हातात घेतले की पोरगं व्हायला होतं, एवढं खरं.

गोव्यात फोंड्याकडचं आमचं मूळ घर वर्षभर बंद असायचं आणि चवथीला उघडायचं. पण सगळं नाही. काका किल्ल्यांचा जुडगा घेऊन पुढे, आम्ही पोरं मागे. आधी वसरी, मग चौकी, मग देवाची खोली. राजांगणात तुळशीभोवती गुडघाभर गवत. प्रत्येक दाराशी काका थांबायचे आणि आत ओरडून आजीला विचारायचे, "ही उघडू?" कोण कोण येणार, किती रात्री राहणार, याचा हिशोब आजीच्या डोक्यात. मग उत्तर यायचं. एका खोलीला मात्र दरवर्षी एकच उत्तर: "ती रावूं दी." त्या दाराची आगळ वाळवीने खाऊन भुसभुशीत झाली होती, बोट लावलं की पिठासारखी खाली पडायची. आत काय होतं ते मला आजही माहीत नाही. विचारावंसं वाटलं नाही, हे आता जरा विचित्र वाटतं. पण तेव्हा घरात न उघडणारी एक खोली असणं आम्हाला घराला छप्पर असण्याइतकंच साहजिक होतं.

हे मिटवणं-उघडणं काही नवं नाही. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट या अमेरिकन संशोधकाने लोकांसमोर संगणकावर मजकुराच्या फांद्या मिटवून-उघडून दाखवल्या. उंदीर, म्हणजे माउस, लोकांनी त्याच दिवशी पाहिला, त्यामुळे बाकीचं झाकलं गेलं. आणि फांद्या दाखवायला त्याने घेतली होती काय, तर बाजाराची यादी! जगातला एवढा मोठा प्रयोग आणि त्यात भाजीपाला. हे वाचल्यापासून चवथीची यादी संगणकावर करण्याबद्दल घरात कोणी हसलं तर मी ऐकून घेत नाही.

एक मात्र आहे. घडी ही डोळ्यांपुरती. मजकूर सगळा जिथल्या तिथे असतो. बहिणीला फाइल पाठवली की ती फोनवर साध्या मजकुरासारखी वाचते, तिथे ना टिंबं ना घड्या, सगळं सपाट. आणि शोधायला गेलं तरी मिटलेलं उघडतं. आत्ताच 'नारळ' शोधला. पहिला माटोळीत सापडला, दुसरा फराळात. तिसऱ्या वेळी 'घर' उघडलं. भाटातले, म्हणजे माडांच्या बागेतले, नारळ, कोणाचा हिस्सा किती, कोणाची सही बाकी. आपल्याकडे गोव्यात वाटप म्हणजे एकट्याचं काम नाही, भावंडांच्या सह्या, त्यांच्या नवरा-बायकोच्याही सह्या. एकच ओळ अडलेली होती, काकांची. काका वैशाखात गेले. त्या ओळीखाली मी आता त्यांच्या मुलांची नावं लिहिली आहेत, सुना-जावयांसकट. फांदी वाढली. त्यात बहिणीचंही नाव आहे.

कंट्रोल-जी दाबलं, मिटलं. आर्काइव्हचा टॅग लावला तर टॅबनेही उघडणार नाही, पण तो अजून लावलेला नाही.

यादी तिला आज-उद्या पाठवायची आहे, बेंगळुरूहून येताना काय आणायचं ते तिला कळायला हवं. 'घर'चा तो भाग कापून पाठवावा की तसाच जाऊ द्यावा, ठरत नाही. बघू. आधी कवंडळं कुठे मिळतात ते विचारायला हवं.