डिचोलीची लाल माती ग्लेझमध्ये: या भट्टीचं काय निघालं

गोव्यातल्या डिचोलीची लाल माती अखेर ग्लेझ (भांड्यावर वितळून बसणारा काचेसारखा थर) म्हणून वापरली. तिकडचे कुंभार तिच्या घागरी, कुंड्या कमी आचेवर भाजतात. आपल्या भट्टीच्या १२२० अंश सेल्सिअसवर तिचं भांडं फुगेल नाहीतर बसेल. पण वितळणारी माती स्टोनवेअरवर (जास्त आचेवर भाजायच्या घट्ट मातीच्या भांड्यांवर) चढवली तर तीच ग्लेझचं काम करते, आणि लोह तिच्यात मुळातच असल्याने रंगासाठी वेगळं काही घालावं लागत नाही.

माती कुटून, भिजवून बारीक चाळणीतून गाळली आणि चुलीतली लाकडाची राख मिसळली. राखेत चुना असतो, तो वितळायला मदत करतो. निम्मी माती, निम्मी राख घेतलेलं ग्लेझ सुरेख ओघळलं: काठाशी गुळाचा रंग, तळाशी साचलं तिथे हिरवट झाक. दोन भाग माती, एक भाग राख घेतल्यावर रंग गडद, काळ्याकडे झुकणारा.

डोळ्यांना पहिलंच आवडतं, पण जेवणाच्या भांड्याचा निर्णय मी डोळ्यांवर सोडत नाही. दोन्ही वाडग्यांत रात्रभर कोकमाचं आगळ, म्हणजे त्याचा आंबट रस, ठेवलं. सकाळी धुतल्यावर जास्त राखेच्या वाडग्यात आगळाच्या रेषेखालची चमक गेलेली, बोटाला खरखरीत लागत होतं. चुना जास्त झाला की आंबट ग्लेझला खातं. दुसरा वाडगा होता तसाच. म्हणून सोलकढीच्या वाट्यांना गडद ग्लेझ. (विकण्याआधी लॅबची चाचणी करायचीच, आगळ फक्त पहिली चाळण.) ओघळणारं ग्लेझ फुलदाण्यांना, तेही बाहेरूनच.

त्या फुलदाण्या तिसऱ्यांच्या (खायच्या शिंपल्यांतला एक प्रकार) रिकाम्या शिंपल्यांवर आडव्या ठेवून भाजल्या. शिंपल्यात ॲल्युमिना (भट्टीत न वितळणारी पूड) आणि केओलिनचा (पांढऱ्या मातीचा) गोळा दाबून भरायचा, म्हणजे भांडं भट्टीतल्या फळीला चिकटत नाही. भाजल्यावर शिंपल्याचा कळीचा चुना होतो. गोव्यातल्या जुन्या घरांना शिंपल्यांचाच चुना लागायचा, तोच हा. पाण्यात घातला की तापून त्याचा भुगा होतो, त्यामुळे हातमोजे आणि चष्मा हवाच. मागे ग्लेझमध्ये शिंपल्याच्या रेघा राहतात. फार देखणं दिसतं हे.

ओघळ किती लांब जातो हे फुलदाण्यांवर कळलं, म्हणून मगांवर ग्लेझ आता तळापासून दोन बोटं वरच थांबवते.

पुढच्या भट्टीत थोड्या लाकडाच्या राखेऐवजी भाताच्या तुसाची राख. तिच्यात बहुतेक सिलिकाच, म्हणजे ग्लेझ आंबटाला जास्त टिकावं. ओघळ किती उरतो ते बघायचं. सत्तरीकडे कुणाला स्वच्छ तुसाची राख मिळत असेल तर जरूर कळवा.