आधी भोकाची बर, मग रिव्हेट : आमच्या कार्यशाळेची वाटचाल

सुट्या भागांचं किट आणून स्वतःचं विमान बांधणाऱ्या हौशी लोकांना साथ देणारी आमची छोटी कार्यशाळा आहे. विमान आम्ही बांधून देत नाही. ज्याचं विमान त्याने बांधायचं. जागा, जिग (भाग जागेवर धरून ठेवणारा साचा), हत्यारं आणि शेजारी उभा राहणारा जाणता माणूस आमचा. ही रेघ आम्ही सुरुवातीलाच आखली आणि तिच्यापायी पुष्कळ सोसलंही. अमेरिकेत आणि इतरही बऱ्याच देशांत हौशी बांधणीच्या विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाच्या हातून व्हावं लागतं. आपल्या लोकांत तो ५१ टक्क्यांचा नियम म्हणून ओळखला जातो. तो नसता तरी आम्ही हेच केलं असतं. ज्याने रिब (पंखाच्या आतली बरगडी) स्वतः बसवली, त्यालाच पुढे आरसा आणि बॅटरी घेऊन पंखात डोकावल्यावर काय बदललंय ते कळतं.

हत्यारं मोजकी घेतली, पण बघून घेतली. ३एक्स रिव्हेट गन (रिव्हेट म्हणजे भोकातून घालून दुसरं टोक चपटं करायची, पत्रे जोडणारी धातूची खीळ), रिव्हेट दाबायचा हाताचा स्क्वीझर, डिंपलसाठी, म्हणजे भोकाभोवती पत्र्यात खळगा पाडायला, सी-फ्रेम, आणि क्लेको, म्हणजे रिव्हेट बसेपर्यंत पत्रे धरून ठेवणाऱ्या तात्पुरत्या पिना. चंदेरी ३/३२ इंची भोकाला, तांबूस १/८ ला. क्लेको कितीही घेतल्या तरी पंखाची स्किन (वरचा पत्रा) चढवायच्या दिवशी कमीच पडतात, तेव्हा नवीन माणसाने सुरुवातीलाच हात सैल सोडावा. बकिंग बार (रिव्हेटच्या मागे धरायचा जड ठोकळा) मात्र टंगस्टनचाच. आकाराने लहान आणि वजनाने भारी असल्यामुळे तो रिब आणि फ्लँजच्या (दुमडलेल्या कडेच्या) बोळात शिरतो आणि गनच्या माऱ्याखाली नाचत नाही. हलका लोखंडी बार उड्या मारतो, मग ठोके जास्त लागतात, रिव्हेट ठोकून ठोकून कडक होतो आणि एका अंगाला झुकतो. गनला हवेचा दाब ३/३२ च्या रिव्हेटला ३५ ते ४० पीएसआय (चौरस इंचाला पौंड), १/८ ला ४५ च्या आसपास. हा आकडा ट्रिगर दाबून गन चालू असताना वाचायचा; बंद गनवर दिसणारा दाब फसवा असतो.

रिव्हेटिंग हे जोडीचं काम आहे. गन बाहेर, बार आत, आणि मध्ये पत्रा असल्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नाही. म्हणून बारवाला आतून रिव्हेटवर टिचकी देतो. एक टिचकी म्हणजे अजून ठोक, दोन म्हणजे झाला, तीन म्हणजे बिघडला, काढायचाय. आमच्याकडे शिकायला येणाऱ्याला आधी बार मिळतो, गन बऱ्याच नंतर. आतलं डोकं शँकच्या (रिव्हेटच्या दांड्याच्या) व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्म्या उंचीचं झालं पाहिजे. ३/३२ च्या रिव्हेटला म्हणजे साधारण ३.६ मिलिमीटर रुंद आणि १.२ मिलिमीटर उंच. डोळ्याला सवय होईपर्यंत गेज लावायचा, आणि सवय झाल्यावरही दर ओळीत एकदोनदा लावायचाच.

धंदा बेताने पण नीट चालला. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही.

मग आमच्याच धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला एक मोठी कार्यशाळा उभी राहिली. नाव घेत नाही, या धंद्यातल्यांना कळेल. त्यांची जाहिरात एकच: किट आमच्याकडे टाका, विमान घेऊन जा. मालकाने अधूनमधून यायचं, चार रिव्हेट ठोकतानाचे फोटो काढायचे आणि नोंदवहीत सगळं आपल्या नावावर लिहायचं. आम्ही तयार केलेली दोन चांगली माणसं त्यांनी जास्त पगारावर नेली. आमच्याकडे अर्धवट बांधणीत असलेली विमानं ट्रेलरवर चढवून तिकडे गेली. आमच्याबद्दल पसरवलं काय, तर ‘ते लोक एका भोकाला आठवडा लावतात’. कॉम्प्रेसरचे हप्ते चालू, शेडचं भाडं थकलेलं, आणि फ्रीजमध्ये ठेवलेलं सीलंट (इंधनटाकीचे सांधे बुजवायचं) वापराविना मुदतीबाहेर जात होतं. एक वेळ अशी आली की जिग विकायला काढले होते.

आम्हाला तेव्हा तारलं ते एका बाईंनी. निवृत्त शिक्षिका, शेपटीच्या किटपासून आमच्याकडे. (शेपटी आधी बांधायची यात शहाणपण आहे. ज्या रीतीने पुढे पंख बांधायचे ती सगळी त्यात येते, आणि एखादा भाग बिघडलाच तर तो लहान असतो.) बाईंना तिकडून दोनदा बोलावणं आलं, त्या गेल्या नाहीत. उलट पंखांच्या कामाचे आमचे पैसे त्यांनी आधीच भरले आणि म्हणाल्या, ‘जिग हलवू नका.’ त्यांच्या ओळखीतून पुढे आणखी लोक आले. आज शेड उभी आहे ती त्यामुळे.

बाईंची बर (ड्रिल केल्यावर भोकाच्या कडेला उरणारा धातूचा खरखरीत काठ) काढायची पद्धत आम्ही आजही नवीन माणसाला दाखवतो. ड्रिल करून झालं की पत्रे सुटे करायचे आणि प्रत्येक भोक दोन्ही बाजूंनी साफ करायचं. डिबरिंगचा कटर भोकावर टेकवून हलक्या हाताने दोन वेढे, बस्स. तिसऱ्या-चौथ्या वेढ्याला तुम्ही बर काढत नसता, पत्रा काउंटरसिंक करत (भोकाचं तोंड शंकूसारखं कापत) असता, आणि ०.०२० किंवा ०.०२५ इंची स्किनला ते सोसत नाही. मग भोकावरून नख फिरवायचं. नख अडकलं तर बर राहिली. बाई डोळे मिटून ओळीच्या ओळी नखाने तपासत. पत्र्याच्या कडाही तशाच, आधी फाइल, मग स्कॉचब्राइट (घासायची खरखरीत जाळी).

याला महत्त्व का, ते समजून घ्या. डिंपल मारताना भोकाची कड ताणली जाते. कडेवर बर किंवा ओरखडा असेल तर ताण तिथेच साठतो आणि केसाएवढा तडा तिथूनच निघतो. डाय (डिंपलचा ठसा) मारल्यावर तो कदाचित दिसणारही नाही. पण शेपटीच्या स्किनवर प्रोपेलरचा वारा सतत थाडथाड आपटत असतो. काही शे तासांत तोच तडा एका रिव्हेटकडून दुसऱ्याकडे चालू लागतो. त्यात आणखी एक चूक सर्रास होते. ०.०३२ इंचापेक्षा पातळ पत्र्यात ३/३२ च्या रिव्हेटसाठी काउंटरसिंक कापायचा नसतो, डिंपलच मारायचा असतो. कापला तर भोकाच्या कडेची सुरी होते.

हे एवढं लांबवण्याचं कारण असं की त्या मोठ्या कार्यशाळेतली विमानं पुढे आमच्याकडेच येऊ लागली. तपासणीला, दुरुस्तीला, गळतीला. आमचा गल्ला त्या काळात त्यावर चालला, पण त्याचा आनंद कधी झाला नाही. त्या विमानांत माणसं बसत होती.

काय सापडायचं? गनचा सेट (रिव्हेटवर टेकणारं टोक) घसरून रिव्हेटच्या डोक्यावर आणि पत्र्यावर उमटलेले चंद्रकोरीसारखे घाव, आणि वरून फिलर. जास्त ठोकून पापड झालेली आतली डोकी. सगळ्यात वाईट म्हणजे बिघडलेला रिव्हेट काढताना वाकडं झालेलं भोक तसंच ठेवून त्यात दुसरा ठोकलेला. रिव्हेट काढायची रीत अशी: डोक्याच्या मध्यावर ४० नंबरचा ड्रिल, फक्त डोक्याच्या जाडीइतका खोल, शँकमध्ये जायचं नाही. मग त्या भोकात पंच घालून डोकं तिरपं दाबून मोडायचं, पत्र्याला मागून आधार देऊन उरलेला शँक पिन पंचने ढकलायचा. भोक मोठं झालंच तर पुढच्या मापाचा रिव्हेट, पण भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत रिव्हेटच्या व्यासाच्या दुप्पट अंतर उरलं पाहिजे. १/८ ला म्हणजे पाव इंच. फ्लश रिव्हेट (डोकं पत्र्याच्या पातळीत बसणारा) असेल तर एनएएस१०९७ मालिकेतला ‘ऊप्स’ रिव्हेट ठेवा. शँक १/८ चा, डोकं लहान, ३/३२ च्या डिंपलमध्ये बसतं. आमच्या प्रत्येक बाकावर याची एक डबी असते.

इंधनाच्या टाक्यांनी तर त्यांची अब्रूच काढली. विमानाचं १००एलएल पेट्रोल निळं असतं, त्यामुळे गळती लपत नाही. रिव्हेटभोवती निळी कडी उमटते किंवा रंगाखाली फोड येतो. कारण जवळजवळ नेहमी एकच, सीलंट लावण्याआधी केलेली हयगय. पॉलिसल्फाइड सीलंटचे दोन भाग वजनाने १० ला १ मिसळायचे, अंदाजाने नाही, काट्यावर. दोन्ही भाग दोन रंगांचे असतात. एकही रेघ वेगळी दिसेनाशी होईपर्यंत घोटायचं. बी-२ प्रकारात हाताशी साधारण दोन तास मिळतात आणि उष्म्यात त्याहून कमी, म्हणून एका रिबपुरतंच कालवायचं. पत्रा आधी स्कॉचब्राइटने खरवडायचा, मग एमईकेने (झटकन उडून जाणाऱ्या द्रावकाने) पुसायचा, आणि एमईके उडून जायच्या आत दुसऱ्या कोऱ्या फडक्याने कोरडा करायचा. आपोआप वाळू दिला तर विरघळलेला तेलकटपणा पुन्हा तिथेच बसतो. रिव्हेट ओल्या सीलंटमध्येच ठोकायचा आणि आतून प्रत्येक डोक्यावर सीलंटची टोपी चढवायची.

टाकीची चाचणी कॉम्प्रेसरने कधीही करू नका. स्किन फुगते आणि नुकताच धरलेला सांधा सुटतो. पारदर्शक नळीचा यू करून त्यात पाणी भरा. पाण्याच्या दोन बाजूंतला फरक २७.७ इंच म्हणजे १ पीएसआय, आणि दाब जास्त झाला तर पाणीच बाहेर उडतं, टाकी वाचते. फुगा लावूनही चालतं, पण उन्हाने टाकीतली हवा फुगते आणि संध्याकाळी आकसते, तेव्हा फुगा लहान दिसला म्हणून घाबरायचं नाही. साबणाचं पाणी प्रत्येक रिव्हेटवर आणि झाकणाच्या कडेने लावायचं. बाईंच्या दोन्ही टाक्या पहिल्याच चाचणीत उतरल्या आणि आजतागायत कोरड्या आहेत.

इंधनाच्या नळ्यांचंही तेच. विमानाच्या फिटिंगचा फ्लेअर (नळीचं फाकवलेलं तोंड) ३७ अंशांचा, मोटारीचा ४५ चा. मोटारीच्या हत्याराने काढलेला फ्लेअर बसल्यासारखा वाटतो आणि थरथरीने चिरतो. फ्लेअरच्या सांध्याला टेफ्लॉन टेप लावायची नसते. तिचे धागे फिल्टरमध्ये किंवा कार्ब्युरेटरमध्ये जाऊन बसतात. एका विमानाच्या फिल्टरमधून आम्ही टेपचा बोळाच काढला. इंजिन चालू करण्याआधी प्रवाह मोजून घ्या, नाकाचा कोन चढाईचा ठेवून: पंपावर चालणाऱ्या यंत्रणेत उड्डाणाच्या वेळी लागणाऱ्या इंधनाच्या १२५ टक्के, नुसत्या उतारावर चालणाऱ्या यंत्रणेत १५० टक्के.

एक तपासणी मात्र आम्ही कुणालाही टाळू देत नाही, ओळखीचा असो वा नसो. एलेरॉन आणि एलिव्हेटरचं (पंखाच्या आणि शेपटीच्या मागच्या हलत्या पट्ट्यांचं) संतुलन रंगकाम झाल्यावर पुन्हा करायचं. रंग आणि फिलर बहुतेक बिजागरीच्या मागे बसतो, मागची कड जड होते, आणि वेग वाढला की फ्लटर (पट्टीची बेफाम फडफड) सुरू होतो. फ्लटरमध्ये वैमानिकाला सावरायला वेळ मिळत नाही. रंगाऱ्याकडून विमान आलं की तीनही चाकांखाली काटे ठेवून पुन्हा वजन करा, प्रत्येक वजनाला ठरावीक बिंदूपासूनच्या त्याच्या अंतराने गुणून गुरुत्वमध्य काढा. बांधणीच्या आधीच्या कागदावरचा आकडा रंगानंतर खरा राहत नाही.

ती मोठी कार्यशाळा पुढे बंद झाली. आम्हाला संथ म्हणणाऱ्यांपैकी कुणी येऊन चूक झाली म्हटलं नाही, ते आजही लागतं. त्या कार्यशाळेच्या ग्राहकांचा तोटा त्याहून मोठा. अमेरिकेत स्वतः बांधणाऱ्याला त्या एका विमानापुरतं रिपेअरमन प्रमाणपत्र मिळतं आणि दर १२ महिन्यांच्या तपासणीवर तो स्वतः सही करू शकतो. ज्याने बांधलंच नाही त्याने सही कशाच्या भरवशावर करायची?

आता निम्म्याहून जास्त काम देखभालीचं आहे. वार्षिक तपासणीला विमान आलं की काउलिंग (इंजिनावरचं झाकण) काढून आधी न धुता बघतो, कारण तेलाचा माग धुतल्यावर पुसला जातो. मग कम्प्रेशन: ८० पीएसआय हवा सोडून सिलिंडर किती धरतो ते वाचायचं आणि कान लावायचा. एक्झॉस्टमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरकडून आली तर इनटेक, तेलाच्या तोंडातून आली तर रिंगा. तेलाचा फिल्टर कापून घड्या उलगडायच्या आणि उजेडात धरून धातूची चमक शोधायची. रोटॅक्स ९१२ इंजिन असेल तर तेल बघण्याआधी प्रोपेलर त्याच्या फिरण्याच्या दिशेनेच हाताने फिरवायचा, टाकीतून गुळगुळ आवाज येईपर्यंत. त्याआधी काढलेली तेल मोजायची पट्टी खोटं सांगते. त्याच इंजिनाच्या रबरी नळ्या दर पाच वर्षांनी बदलायच्या, विमान उडालेलं असो की हँगरमध्ये उभं असो.

एएन३ बोल्ट आवळायला २० ते २५ इंच-पौंड जोर, एएन४ ला ५० ते ७०, आणि सेल्फ-लॉकिंग नट असेल तर तो फिरवायला लागणारा जोर आधी मोजून त्यात मिळवायचा. नायलॉनचा नट फायरवॉलच्या (इंजिनामागच्या भिंतीच्या) पुढे नको, तिथली उष्णता त्याला चालत नाही. लाकडी प्रोपेलरचे बोल्ट हवा बदलली की पुन्हा तपासायचे, कारण कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि पकड सैल पडते.

कुणी अर्धवट बांधलेलं किट विकत घ्यायला निघालं असेल, तर रंग आणि पॅनेल बघून सौदा करू नका. नोंदवही मागा, तारखांचे फोटो मागा, मग शेपटीच्या आत आरसा घालून दहा-वीस रिव्हेटची आतली डोकी गेजने मोजा. मालकाला त्याच्या एखाद्या बिघडलेल्या रिव्हेटबद्दल विचारा. ज्याने खरोखर बांधलंय तो जागा दाखवून कसा दुरुस्त केला ते सांगतो. मालक आरसा घालू देत नसेल तर तिथूनच परत फिरा.